देशी झाडांचे बोन्साय आणि कुंभाराचे परळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण दख्खनच्या पठारावर राहता, विकत आणलेला जुनिपर (थंड हवेतले सूचिपर्णी झाड) दुसऱ्यांदा उन्हाळ्यात वाळला, आणि आता वड, उंबर, करवंद, बाभूळ अशी इथलीच झाडे कुंभाराकडून करून घेतलेल्या उथळ कुंड्यांमध्ये वाढवण्याचा आपला विचार आहे. त्यासाठी झाडे कोणती निवडावीत, कुंडी कशी करून घ्यावी, माती कोणती वापरावी आणि कोणते काम केव्हा करावे, हे आपण विचारले आहे. साधी लाल कुंडी जपानी कुंडीच्या तोडीची ठरेल का, अशीही शंका आपण व्यक्त केली आहे.

या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे तिच्यावर अवलंबून आहेत. जपानमधील तोकोनामे येथील बोन्सायच्या कुंड्या १,१०० अंश सेल्सियसच्या वर भाजलेल्या असतात, त्यामुळे त्यांची माती जवळजवळ दगडासारखी घट्ट होते आणि भिंतीतून पाणी फारसे झिरपत नाही. आपल्याकडच्या कुंभाराचा आवा, म्हणजे भांडी भाजण्याची भट्टी, साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापतो. त्यात भाजलेली कुंडी सच्छिद्र राहते, तिच्या भिंती पाणी शोषतात आणि ते बाहेरच्या बाजूने सतत हवेत सोडतात. म्हणजे दोन्ही कुंड्यांमध्ये पाण्याचा हिशेब वेगळा चालतो. त्या हिशेबाला जुळणारे झाड निवडले, तर लाल कुंडी आपल्या हवेत काही बाबतींत सरसच ठरते, कारण एप्रिल-मे महिन्यांत बाष्पीभवनामुळे तिच्यातील मुळे थंड राहतात आणि पावसाळ्यात साचलेला ओलावा लवकर उतरतो. झाड चुकीचे निवडले, तर हाच गुण उन्हाळ्याच्या एका दुपारी झाडाच्या जिवावर बेततो. आधी झाड आणून मग त्याला शोभेल अशी कुंडी शोधण्याची पद्धत मला म्हणूनच पटत नाही. झाडाची पाण्याची सवय आणि कुंडीची पाण्याची सवय यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

कुंडीच्या उथळपणाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण बोन्साय मरण्याचे सर्वांत मोठे कारण तिच्यात दडलेले आहे. कोणत्याही कुंडीला पाणी दिल्यावर जादा पाणी छिद्रांतून निघून जाते, पण तळाशी मातीचा एक थर पूर्ण भिजलेलाच राहतो. या थराची उंची मातीच्या कणांच्या आकारावर ठरते; कुंडी किती खोल आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. बारीक मातीत हा थर ५ सेंटीमीटर किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. खोल कुंडीत त्याच्या वर मुळांना श्वास घ्यायला पुरेशी जागा उरते, पण ५ सेंटीमीटर खोलीच्या परळात, म्हणजे मातीच्या पसरट, उथळ भांड्यात, तीच माती भरली तर तळापासून काठापर्यंत चिखलच होतो. तळाशी खडी पसरून हा प्रश्न सुटत नाही, भिजलेला थर फक्त खडीच्या वर सरकतो. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे कुंडी जितकी उथळ तितके मिश्रण भरड ठेवणे.

हे मिश्रण आपल्याकडे सहज तयार होते. पक्क्या भाजलेल्या विटांचे किंवा खापरांचे तुकडे फोडून ते चाळावेत आणि २ ते ५ मिलिमीटरचे कण ठेवावेत; त्याखालची भुकटी निर्दयपणे काढून टाकावी, कारण ती कणांमधल्या पोकळ्या बुजवते. सर्वसाधारणपणे असे विटांचे तुकडे दोन भाग, धुतलेली भरड रेती किंवा चाळलेला मुरूम एक भाग आणि पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, हे प्रमाण बहुतेक झाडांना चालते. बाभूळ किंवा हिवर यांच्यासाठी खताचा भाग निम्मा करावा, उंबरासाठी तो किंचित वाढवावा. शेतातली काळी माती मात्र या कुंड्यांत अजिबात घालू नये. ती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि मग दिलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते. वरून माती ओली दिसते पण मुळांचा गड्डा आत कोरडाच असतो.

आता कुंडीकडे वळू. कुंभाराला जपानी कुंडीचे छायाचित्र दाखवून ‘अशी करून द्या’ म्हणणे हा चुकीचा मार्ग आहे. चाकावर गोल आकार सहज उतरतो, आणि पसरट परळ करण्याची सवय कुंभाराच्या हाताला असतेच. त्याला परळच मागावे, पण भिंत जाड, तळ सपाट आणि काठ भक्कम असावा असे सांगावे. चौकोनी कुंडी मातीच्या चकत्या जोडून करावी लागते, तिचे कोपरे वाळताना तडकतात आणि लांब बाजू भट्टीत वाकतात. कमी तापमानाच्या भाजणीत ती क्वचितच सरळ उतरते. लांबट कुंडी हवीच असेल तर ओला गोल परळ दोन्ही बाजूंनी हलका दाबून लंबगोल करता येतो, आणि असा किंचित वेडावाकडा लंबगोल देशी झाडाखाली मला तरी यंत्रात काढलेल्या चौकोनापेक्षा चांगला दिसतो.

मातीत भाजलेल्या खापरीचा चाळलेला चुरा साधारण १५ ते २० टक्के मिसळायला सांगितले, तर पसरट तळ वाकण्याचे आणि तडकण्याचे प्रमाण बरेच कमी होते. भिंतीची जाडी १० ते १२ मिलिमीटर असावी. ओली माती वाळून भाजून होईपर्यंत साधारण ८ ते १२ टक्के आकसते, तेव्हा ३० सेंटीमीटर व्यासाची तयार कुंडी हवी असेल तर चाकावर ती ३३ सेंटीमीटरच्या थोडी वरच ठेवावी लागते. हा आकडा मातीगणिक बदलतो. मातीच्या एका पट्टीवर १० सेंटीमीटर अंतरावर दोन खुणा करून ती आव्यात भाजून घेतली की त्या मातीचा नेमका हिशेब हाती येतो.

कुंभाराला छिद्रांबद्दल विशेष आग्रहाने सांगावे लागते, कारण नेहमीच्या कुंडीला मधोमध एकच छिद्र पाडण्याची रीत आहे. उथळ परळाला किमान तीन-चार छिद्रे हवीत, प्रत्येक छिद्र दीड-दोन सेंटीमीटरचे असावे, आणि ती तळाच्या सर्वांत खोलगट जागी असावीत, म्हणजे पाणी कोपऱ्यात अडकणार नाही. त्याशिवाय झाड तारेने बांधण्यासाठी चार बारीक छिद्रे लागतात. ही सर्व छिद्रे कुंडी अर्धवट वाळलेली असताना पाडावीत. भाजल्यावर गिरमिटाने पाडायला गेल्यास दोनांतली एक कुंडी फुटते. तळाला तीन छोटे पाय लावून घ्यावेत, कारण सपाट तळ ओट्याला चिकटून बसला की छिद्रे असूनही पाणी निघत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे काठ आतल्या बाजूला वळलेला नसावा. सच्छिद्र भिंतीला मुळे घट्ट चिकटतात. पुढे कुंडी बदलताना भिंतीच्या कडेने पातळ सुरी फिरवून झाड उचलावे लागते, आणि काठ आत वळलेला असेल तर कुंडी फोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

भट्टीतून आलेली कुंडी घेताना बोटाने वाजवून पाहावी. खणखणीत आवाज आला तर ती नीट भाजली आहे. आवाज बद्द आला तर ती कच्ची आहे किंवा तिला न दिसणारी चीर आहे. शंका असल्यास रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी; सकाळी तळाला बोट घासल्यावर माती सुटली तर ती कुंडी एका पावसाळ्यापलीकडे टिकत नाही. चांगली कुंडीसुद्धा वापरण्यापूर्वी दिवसभर पाण्यात ठेवावी, नाहीतर नुकत्याच छाटलेल्या मुळांभोवतीचे पाणी ती स्वतःच पिऊन टाकते. आतून रंग किंवा सिमेंटचा हात देण्याचा सल्ला काही जण देतात. तो मी देत नाही, कारण कुंडीचा जो गुण आपल्याला हवा आहे तोच त्याने बंद होतो. विंधनविहिरीचे जड पाणी वापरत असाल तर वर्ष-दोन वर्षांत बाहेरच्या बाजूला पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, धरेल. तो ब्रशने घासून काढावा आणि महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहू देऊन साठलेले क्षार धुऊन टाकावेत. दुर्लक्ष केल्यास या क्षारांमुळे भिंतीचे पापुद्रे सुटू लागतात.

झाडांची निवड करताना मी पठारावरची काटेरी झाडे आणि वडाच्या कुळातली झाडे असे दोन मोठे गट डोळ्यांपुढे ठेवतो. बाभूळ, हिवर, शमी, खैर ही पहिल्या गटातली झाडे मुळातच कोरड्या जमिनीतली, त्यामुळे लवकर वाळणारी लाल कुंडी त्यांना मानवते. त्यांची पर्णिका इतकी बारीक असते की पान लहान करण्याची खटपट करावी लागत नाही, आणि हिवराचा छत्रीसारखा पसरलेला माथा छोट्या आकारातही हुबेहूब उतरतो. अडचण त्यांच्या सोटमुळाची आहे. मोठे रोप खणून आणले तर बहुधा जगत नाही, म्हणून ही झाडे बियांपासूनच करावीत. बाभळीच्या बियांचे कवच कठीण असते. गरम पाणी ओतून ते रात्रभर तसेच ठेवल्यास उगवण सुधारते, आणि शेळ्यांच्या पोटातून गेलेल्या, लेंड्यांत सापडणाऱ्या बिया तर आपोआपच तयार झालेल्या असतात. रोपाला चार-सहा पाने आली की सोटमूळ निम्मे कापून त्याखाली सपाट खापरी ठेवून लावावे. मुळे आडवी पसरतात आणि पुढची प्रत्येक पुनर्लावणी सोपी होते. मोठ्या वयात या झाडांच्या मुळांचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग एका वेळी काढू नये.

वड, पिंपळ, उंबर आणि नांद्रुक यांचा स्वभाव अगदी उलट आहे. मुळे निम्मी छाटली तरी ती सोसतात, जुन्या खोडावर नवे फुटवे देतात, जखमा भरून काढतात. नवशिक्याने सुरुवात नांद्रुकापासून करावी असे मी सांगतो, कारण त्याचे पान मुळातच लहान असते आणि फांदी मनाप्रमाणे वळते. रोपवाटिकेत ‘फायकस’ नावाने जे झाड हाती देतात ते पुष्कळदा नांद्रुकाचाच एखादा प्रकार असतो. वडाचे पान मोठे असल्याने त्याचे बोन्साय ६० सेंटीमीटरपेक्षा लहान केले तर प्रमाण बिघडते; पिंपळाचे पान त्याहून हट्टी असते, आणि त्याचा लांब देठ छोट्या झाडावर नेहमीच विसंगत दिसतो. उंबर ओढ्याकाठचे झाड आहे, त्याला कोरड पडलेली चालत नाही. लाल परळात तो लावायचा असेल तर परळ ८ ते १० सेंटीमीटर खोल घ्यावा आणि उन्हाळ्यात ओल्या वाळूच्या पसरट ताटलीवर ठेवावा. पाने छाटणीने लहान होतात, पण फळे आणि फुले लहान होत नाहीत, हेही लक्षात ठेवावे; उंबराची फळे खोडावर आणि जाड फांद्यांवर येत असल्याने ती मोठी असूनही शोभतात, हा त्याचा विशेष आहे.

या दोन गटांबाहेरची काही झाडे धीर असणाऱ्यांसाठी आहेत. कुंती, म्हणजे जिला कामिनी म्हणतात ती, करवंद, सह्याद्रीतली अंजनी आणि खिरणी यांचे लाकूड कठीण, पान लहान आणि वाढ मंद असते. खिरणीची रोपे मिळवण्याचा सोपा मार्ग आहे: चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात, त्यामुळे कलमे करणाऱ्या रोपवाटिकेत ती हमखास असतात. पळस आणि साग यांच्या वाटेला जाऊ नये, ती पाने कोणत्याही उपायाने पुरेशी लहान होत नाहीत. काटेसावर आणि पांगारा यांचे लाकूड मऊ असल्याने मोठी छाटणी केलेली जागा कुजते. आणि झाडे देशीच हवीत असा आपला कटाक्ष असेल तर हेही सांगायला हवे, की गुलमोहर मादागास्करचा, पांढरा चाफा (खुरचाफा), बोगनवेल आणि विलायती चिंच अमेरिका खंडातली, आणि आपली नेहमीची चिंचसुद्धा मुळात आफ्रिकेतली आहे. चिंच इथे इतकी जुनी आहे की मी तिच्याबाबत सवलत देतो. परदेशी अडेनियमबाबत देत नाही.

रोपे कुठून आणावीत, याचे उत्तर वडाच्या कुळापुरते फार सोपे आहे. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून जुन्या भिंती, गच्चीचे कठडे, सांडपाण्याचे नळ यांवर उगवलेली वड-पिंपळाची रोपे तशीही काढून टाकली जातात. भिंतीत अडकल्याने त्यांचे बूड जाड आणि पिळदार झालेले असते, मुळे दबून सपाट झालेली असतात; इतके चांगले साहित्य विकत मिळत नाही. मालकाची परवानगी घेऊन जूनच्या पहिल्या पावसानंतर ती काढावीत. दुसरा मार्ग गुटी कलमाचा. अंगठ्याएवढ्या किंवा त्याहून जाड, चांगल्या बांध्याच्या फांदीवरची साल कंकणाकृती काढून ओले शेवाळ बांधले की पावसाळ्यात वडाच्या कुळातल्या झाडांना साधारण दीड-दोन महिन्यांत मुळे येतात, आणि ती चहूबाजूंनी पसरलेली असल्याने उथळ परळासाठी आदर्श ठरतात. जंगलातून झाड उपटून आणू नये. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनातून रोप काढून नेणे हा गुन्हा आहे. शिवाय कातळावर वाढलेली अंजनी किंवा करवंद बहुधा वाटेतच मान टाकते.

मिळालेले रोप लगेच परळात लावण्याचा मोह आवरावा. उथळ कुंडीत खोड जाड होत नाही, होते ती फक्त देखभाल. आधी जमिनीत किंवा मोठ्या, रुंद कुंडीत झाड मोकळे वाढू द्यावे, बुंधा मनासारखा झाला की मुळे टप्प्याटप्प्याने कमी करत परळात आणावे. वडाच्या कुळातल्या झाडाला यासाठी तीन ते पाच वर्षे पुरतात, कुंती किंवा खिरणीला त्याच्या दुप्पट काळ लागू शकतो. या काळात आकार देण्यासाठी तारेपेक्षा छाटणीवर भर द्यावा: फांदी हवी तेवढी जाड होईपर्यंत वाढू द्यायची, मग आखूड कापायची, पुढे योग्य दिशेचा फुटवा ठेवून तेच पुन्हा करायचे. चीनमधील ग्वांगडाँगच्या लिंगनान परंपरेत हीच रीत आहे, आणि तीही उष्ण प्रदेशातच विकसित झाली. पाइन वृक्षाचा त्रिकोणी आराखडा वडावर किंवा बाभळीवर लादलेला पाहिला की मला वाईट वाटते. माळावरचा वड रुंदीला उंचीहून अधिक असतो, त्याचा माथा घुमटासारखा असतो आणि पारंब्यांमुळे त्याला दुसरी खोडे मिळतात. डोळ्यांपुढे तोच ठेवावा. पारंब्या हव्या असतील तर पावसाळ्याच्या दमट हवेत त्या आपोआप फुटतात, आणि त्या मातीत उतरेपर्यंत उभ्या चिरलेल्या नळीत ओले शेवाळ भरून ती त्यांच्याभोवती बसवावी, म्हणजे टोक वाळत नाही.

तार वापरलीच तर वडाच्या कुळातल्या झाडांवर पावसाळ्यात दर आठवड्याला ती तपासावी. वाढ इतकी वेगाने होते की तीन-चार आठवड्यांत ती सालीत रुतते आणि तो वण वर्षानुवर्षे जात नाही. कुंती, करवंद, अंजनी यांची फांदी कोवळी असतानाच वळवावी, पुढे ती वाकण्याऐवजी मोडते.

कामाच्या महिन्यांबाबत परदेशी पुस्तकांतले वेळापत्रक बाजूला ठेवावे. त्यांत पुनर्लावणी पालवीपूर्वी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगितलेली असते, आणि तिथे त्यानंतर सौम्य वसंत येतो. आपल्याकडे पठारावर लगेच ४० अंशांचा उन्हाळा येतो. छाटलेल्या मुळांनी आणि सच्छिद्र परळाने तो सोसायचा, ही झाडावर फार मोठी जबरदस्ती आहे. पावसाची सुरुवात, म्हणजे जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलै, हा काळ वडाच्या कुळासाठी आणि बहुतेक सदाहरित झाडांसाठी सर्वांत सुरक्षित आहे. वडाच्या कुळातल्या झाडांची सगळी पाने काढून लहान पालवी मिळवायची असेल तर ते काम पावसाच्या तोंडावर, मेच्या अखेरीस करावे, देठ अर्धा ठेवून पान कापावे, झाड निरोगी असेल तरच करावे, आणि ज्या वर्षी मुळे छाटायची आहेत त्या वर्षी करू नये. कुंती, खिरणी आणि करवंदाची पाने अशी ओरबाडू नयेत.

पठाराच्या पर्जन्यछायेत वर्षाला ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेवढा भरड मिश्रणातल्या झाडाला बाधत नाही. कोकणात मात्र अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाखाली तीच कुंडी ठेवली तर भिंतींनाही वाळायला उसंत मिळत नाही. सलग झडीच्या दिवसांत परळाच्या एका बाजूखाली लाकडाची चीप सारून तो तिरका करावा. तिरक्या कुंडीत पाण्याला उतार आणि उंची दोन्ही मिळतात, त्यामुळे भिजलेला थर एका कोपऱ्यापुरता उरतो. उन्हाळ्यात उलट काळजी घ्यावी लागते. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा पाणी, पश्चिमेच्या उन्हापासून आडोसा, आणि अगदी कडक दिवसांत परळाच्या बाहेरून ओले गोणपाट गुंडाळणे, एवढ्याने बहुतेक झाडे तरतात. बोट दोन सेंटीमीटर आत घालून माती पाहावी. वरचा थर या कुंड्यांत नेहमीच लवकर वाळतो, त्यावरून अंदाज चुकतो.

खताबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. वाढीच्या महिन्यांत, जून ते ऑक्टोबर, पंधरा-वीस दिवसांनी चिमूटभर निंबोळी पेंड किंवा पातळ शेणपाणी पुरते. नांद्रुकाची कोवळी पाने द्रोणासारखी मिटली आणि त्यांवर जांभळट ठिपके दिसले तर आत फुलकिडे आहेत असे समजावे. फवारा मिटलेल्या पानात पोहोचत नाही, ती पाने खुडून नष्ट करणे हाच खरा उपाय.

आपल्या यादीपुरते सांगायचे तर या जूनमध्ये भिंतीवरचा एखादा वड किंवा नांद्रुक मोठ्या कुंडीत लावावा, बाभळीच्या किंवा हिवराच्या बिया पेराव्यात आणि उंबर पुढच्या वर्षावर टाकावा. करवंदाचे रोप घेतलेच तर ते आधी जमिनीत सोडावे. कुंभाराकडे मात्र आत्ताच जावे, कारण आवा कोरड्या दिवसांतच लागतो, पावसात कच्ची भांडी वाळत नाहीत. पहिल्या खेपेला तीन-चार परळ वेगवेगळ्या खोलीचे करून घ्यावेत, कारण झाड तयार होईपर्यंत त्याला कोणता लागेल हे आज सांगता येत नाही. तोवर ते परळ रिकामे राहू नयेत म्हणून त्यांत बाभळीची कोवळी रोपे वाढवता येतील, आणि त्या निमित्ताने आपल्या कुंभाराची माती किती पाणी धरते, हेही कळेल.